पेपर तपासताना
आज सोलापूरच्या या उन्हात दुपारभर एमए इंग्लिशचे इंटर्नलचे पेपर तपासत बसले होते, पेपर मीच काढलेला, रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्यावर. लॅटिन कुणालाच येत नाही, आम्ही सगळे इंग्रजी भाषांतरातूनच वाचतो, म्हणून प्रश्न काढायला दोन दिवस घातले. सर्ग किती विचारून काय उपयोग, 12 हे गाइडमध्ये असतंच. मग विचारलं, ट्रॉय शहर जळत असताना काव्याचा नायक इनीअस म्हाताऱ्या वडलांना खांद्यावर घेतो, पोराचा हात धरतो आणि बायको क्रेउसा मागनं चालते, यावरून काय कळतं?

बहुतेकांनी 'कर्तव्यदक्ष नायक' म्हणून पान भरलं. एकीनं मात्र श्रावणबाळाची कावड आणली आणि खाली लिहिलं, बायको मागं राहिली हे त्याला देवळापाशी पोचल्यावर कळलं, तोवर त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

लाल पेन तसंच हातात राहिलं. स्पेलिंगच्या चुका ढीगभर, पण ही पोरगी दुसरा सर्ग खरंच वाचून आलीय हो! 10 पैकी 9 दिले. उद्या वर्गात तेवढ्याच ओळी परत काढणार, सगळ्यांसोबत, सावकाश.