तुम्ही विचारलंत म्हणून : रेडियममधला यम

मूलद्रव्यांच्या नावांवरची माझी कोडी ऐकली की हमखास प्रश्न येतो : "नावं सगळी लॅटिन-ग्रीक वळणाची. त्यात मराठी कोडी सापडतात तरी कशी?"

नाव मोठ्यानं म्हणायचं आणि मराठी कानानं ऐकायचं. 'रेडियम' म्हणून बघा. रेडी आणि यम! यमाचं वाहन रेडा, त्यामुळे कोडं आपसूक जुळतं :

पुढे रेडी, मागे यम,
उजेड देई, काढी दम.

१८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. पुढे घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणाऱ्या रंगात ते वापरलं गेलं आणि कुंचल्याला ओठांनी टोक काढणाऱ्या कामगार मुलींच्या हाडांत जाऊन बसलं. कित्येकींचा त्यात जीव गेला. म्हणजे यम नुसता नावात नाही. मला कोड्यात हेच हवं असतं. नाव फोडल्यावर जे निघेल ते त्या मूलद्रव्याच्या स्वभावाला लागू पडलं पाहिजे. नाहीतर ती कोटी होते, कोडं होत नाही.

तसा यम पुष्कळांच्या मागे उभा आहे, अगदी २०१६ साली नाव मिळालेल्या निहोनियमपर्यंत. पण हेलियम कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिथं यमाचं काय काम? सोडियमची गोष्ट वेगळी :

एकटा काढी पाण्याची खोडी,
जोडी जमता यम सोडी.

सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन तर विषारी वायू. दोघांची जोडी जमली की मात्र साधं मीठ!

माझं सगळ्यात लाडकं आर्सेनिक. त्याच्या तोंडीच 'आरसे' आहेत. १८३६ साली जेम्स मार्श यांनी विषप्रयोग ओळखायची चाचणी प्रसिद्ध केली. संशयित नमुना जस्त आणि आम्लात घालायचा, निघणारा वायू तापवायचा. आर्सेनिक असेल तर थंड काचेवर चकचकीत काळपट थर धरतो. त्या थराला रसायनशास्त्रात आरसाच म्हणतात. म्हणून :

लपून मारी, आरशात सापडे.

शेवटचा 'निक' उरतो खरा, आणि लिहिताना 'र्से' होतं. पण कोडं बोलायचं असतं. कानाला पटलं की मला पुरे.

पारा चढतो, चांदी होते, अशा वाक्प्रचारांवरची कोडी सोपी. मुलांना आधी तीच घालावीत. मग हे :

पेन्सिलीवर माझं नाव,
आत दुसऱ्याचाच ठाव.

'शिसं' हे उत्तर लगेच येतं, कारण शिसपेन्सिल सगळ्यांनी वापरलेली असते. पण तिच्यात शिसं नसतंच. असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बन. त्यामुळे नुसतं 'शिसं' म्हणणाऱ्याला मी अर्धेच गुण देतो. आत कोण आहे तेही सांगावं लागतं.