वशिला, बाक आणि ग्रीनिचचे म्हातारे खलाशी

लंडनला चुलतबहिणीकडे गेलो तेव्हा काका सोबत होते. रत्नागिरीकडचा माणूस, उमेदीची वर्षं नौदलात खलाशी म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदातली एक चूक दुरुस्त करून घ्यायला सहा वर्षं कचेरीच्या बाकावर बसला. म्हणून आम्ही टॉवर ब्रिज एका संध्याकाळी उरकला आणि दोन पूर्ण दिवस एकाच गोष्टीला दिले. वशिलेबाजीवर आणि वाऱ्यावर सोडलेल्या दर्यावर्दींवर दोनशे वर्षांपूर्वी तिथे छापलेली व्यंगचित्रं बघायची होती, आणि म्हातारे खलाशी जिथे राहायचे ती ग्रीनिचची जागाही.

पहिला दिवस ब्रिटिश म्युझियमचा. ही चित्रं भिंतीवर टांगलेली नसतात. प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज विभागाच्या स्टडी रूममध्ये ती मागवून बघायची. पैसे पडत नाहीत, पण वेळ आधी ठरवावी लागते, ओळखपत्र लागतं आणि हव्या त्या प्रत्येक चित्राचा नोंदणी क्रमांक कळवावा लागतो. क्रमांक म्युझियमच्या ऑनलाइन सूचीत मिळतात. तिथे बहुतेक चित्रांखाली डोरोथी जॉर्ज या अभ्यासक बाईंची टिपणं आहेत आणि फुग्यांमधली वाक्यंही उतरवलेली आहेत. ती घरूनच छापून न्या, कारण कोरलेली बारीक अक्षरं लावण्यातच निम्मा वेळ जातो. आत फक्त पेन्सिल चालते. हात धुऊन बसायचं, घाई करायची नाही.

व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकचं १८२० सालचं ‘वेटिंग रूम अ‍ॅडमिरल्टी’ समोर आलं. नौदलाच्या मुख्य कचेरीत नेमणूक मागायला आलेले अधिकारी ताटकळलेत, आणि शीर्षकातच बजावलंय की खोलीचं नाव अगदी बरोबर आहे. कागदाच्या कडेने तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला वळ दिसतो. रंग हाताने भरलेले. काका कितीतरी वेळ वाकून बघत होते. मग हळूच म्हणाले, “अरे, हा तर माझाच बाक.”

चित्रामागची हकिगत अशी. १८१५ला नेपोलियनशी युद्ध संपलं आणि सुमारे दीड लाखाचं नौदल दोनेक वर्षांत वीस हजारांच्या आसपास आलं. जहाजं बंदरात उभी करून ठेवली. सनद, म्हणजे अधिकारपदाचं नेमणूकपत्र, मिळालेल्या अधिकाऱ्यांना निदान अर्धा पगार सुरू राहिला, पण पुन्हा जहाज मिळायचं ते ज्याची वर ओळख त्याला. मिडशिपमन, म्हणजे सनदेची वाट बघणारा शिकाऊ, त्याला तर अर्धा पगारही नव्हता. म्हणून १८२५ सालचं ‘अ मिड ऑन हाफ पे’ काळजाला लागतं. हा शिकाऊ रस्त्यावर लोकांच्या बुटांना पॉलिश करतोय, आणि चित्राच्या नावात जो अर्धा पगार आहे तो त्याला मिळतच नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मागवा.

दुसऱ्या दिवशी ग्रीनिच. बँक स्टेशनवरून डीएलआर ही शहरातली हलकी रेल्वे पकडा आणि कटी सार्क स्टेशनला उतरा. हवा चांगली असेल तर थेम्सवरून बोटीने जा. नॅशनल मेरिटाइम म्युझियम फुकट आहे, पेंटेड हॉलला तिकीट आहे. हा हॉल म्हणजे जुन्या नाविक रुग्णालयाची भोजनशाळा. नाव रुग्णालय असलं तरी ते खरं म्हणजे म्हाताऱ्या आणि जायबंदी खलाशांचं आश्रयस्थान. १७०५मध्ये पहिले ४२ जण आले, १८१४पर्यंत २,७१० झाले. चित्रकार जेम्स थॉर्नहिलने १९ वर्षं खपून हॉल रंगवला आणि तो इतका देखणा झाला की खलाशांची पानं खालच्या तळघरात मांडली गेली. आज आपण त्या तळघरातूनच आत शिरतो. तिथे थांबा, पटकन वर पळू नका.

या संस्थेचा उपप्रमुख कॅप्टन थॉमस बेली याने १७७८ साली सगळं छापून चव्हाट्यावर आणलं. खलाशांसाठी राखलेल्या जागांवर समुद्र न पाहिलेले लोक, नौदलाचे सर्वेसर्वा लॉर्ड सँडविच यांच्या निवडणुकीतल्या कामाची माणसं. म्हाताऱ्यांच्या ताटात निकृष्ट मांस आणि पेल्यात पाणी घातलेली बिअर. बेलीवरच बदनामीचा खटला झाला. थॉमस अर्स्किन या नवख्या वकिलाने तो परतवला. बेली सुटला, पण गेलेलं पद परत मिळालं नाही. मला तिथल्या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

हॉलमध्ये आडवं पडून छत बघायला गाद्यांचे बाक आहेत. जरूर पडा आणि माणसाच्या रूपात रंगवलेला हिवाळा शोधा: पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो जॉन वर्ली, इथलाच आश्रित. दारू आणि शिवीगाळीबद्दल त्याला शिक्षाही झाली होती. राजाराणीच्या छतावर एक खरा खलाशी आहे, तो हा. काकांनी त्याला शोधून काढलं आणि झोपल्या झोपल्या हात जोडले.

वेळ उरला तर ईस्ट ग्रीनिच प्लेझन्सला जा, वेस्टकोम्ब पार्क स्टेशनपासून जवळ आहे. रेल्वेचा बोगदा खणायचा म्हणून १८७५मध्ये सुमारे तीन हजार खलाशांचे अवशेष इथे हलवले. आता ती बाग आहे, मुलं खेळत असतात. काका बाकावर बसले आणि १९४६च्या मुंबईतल्या उठावातल्या नाविकांबद्दल बोलत राहिले. त्यांना नोकरीतून काढलं आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने परत घेतलं नाही. “कुलाब्याला त्यांचं स्मारक आहे,” ते म्हणाले, “घरी परतलो की तिथे जाऊ.”