निदान-पत्ते, नोंद ७: ‘एसएस की एस-बीटा-झिरो’ हा पत्ता मोडीत, त्याच्या जागी कुटुंब-पत्ता

परीक्षेसाठी निदानाचे प्रश्न-पत्ते आम्ही ॲन्की या उजळणीच्या ॲपवर गठ्ठ्यांत ठेवतो. हिमोग्लोबिनचा उपगठ्ठा संपला, आता लिंफोमाला (लसीका-पेशींच्या कर्करोगाला) हात घालू, असं सहाव्या नोंदीत लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. ॲन्कीत आठदा चुकलेला पत्ता लीच होऊन बाजूला पडतो, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे नेमका एकच पत्ता लीच झाला:

‘मूल ९ वर्षांचं. हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही ६८. एचपीएलसी: एफ १८, एझिरो २.१, एटू ४.२, एस ७३ टक्के. निदान?’

(एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. एचपीएलसी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते; एफ, एझिरो, एटू, एस हे ते प्रकार, त्यातलं एस सिकलचं. एसएस म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची; एस-बीटा-झिरो म्हणजे एक सिकलचं, दुसरं बीटा थॅलॅसिमियाचं.) मागच्या बाजूला उत्तर होतं ‘एस-बीटा-झिरो थॅलॅसिमिया’, कारण एटू ४ च्या वर आणि एमसीव्ही खाली. पाठांतर कच्चं राहिलंय असं समजून हा पत्ता पुन्हा पुन्हा घोटला गेला. पण दोष पत्त्यातच आहे. दिलेल्या आकड्यांतून ते उत्तर निघतच नाही. आपल्या भागात तर मुळीच नाही.

एकेक खूण तपासून पाहा.

एटू ४.२. एस हिमोग्लोबिन हजर असताना एचपीएलसी एटू वाढवून दाखवतं. ग्लायकेटेड (साखर चिकटलेल्या) एसचा काही भाग एटूच्याच खिडकीत, म्हणजे ठरलेल्या वेळपट्टीत, उतरतो आणि मशीन तो एटूत धरतं. म्हणून ‘४ च्या वर म्हणजे बीटा’ हा नियम एस नसलेल्या रक्तापुरता. एस असताना ४.२ वरून काहीच ठरत नाही. त्यात भर म्हणजे एसएसला अल्फा थॅलॅसिमियाची (अल्फा साखळ्या कमी बनण्याची) जोड असेल तर एटू खरोखरच थोडं चढतं.

एमसीव्ही ६८. बीटाने खाली येतं, अल्फाने येतं आणि लोहाच्या कमतरतेनेही येतं. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसोबत अल्फाचं ३.७ डिलिशन (जनुकाचा तुकडा गळणं) सर्रास सापडतं, त्यामुळे ‘लहान पेशी म्हणजे बीटा’ ही उडी इथे फार महागात पडते. फेरिटिन (लोहसाठ्याची खूण) बघायचंच, पण दुखण्याच्या झटक्यात ते वाढलेलं असतं हे लक्षात ठेवून.

एफ १८. परदेशी चित्रांवर शिकलेला माणूस इथे हमखास घसरतो. आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइप (सिकल जनुकासोबत वारशाने येणारा बदलांचा संच) आहे, त्यात गॅमा जनुकाजवळचा एक्सएमएन-वन बदल असतो आणि साध्या एसएसमध्येही एफ १५-२० टक्के सहज मिळतं. याच हॅप्लोटाइपमुळे प्लीहा लवकर सुकत नाही. नवव्या वर्षी प्लीहा हाताला लागते म्हणून एसएस कटाप, असं करता येत नाही.

एझिरो २.१. रक्त न चढवलेल्या एसएसमध्येही त्या खिडकीत एक-दोन टक्क्यांचा बारीक उंचवटा दिसतो. तो खरा ए नसतो. एस-बीटा-प्लसमध्ये (इथे बीटा थोडं तरी बनतं) ए साधारण ५ ते ३० टक्के असतं आणि एसपेक्षा कमीच भरतं. सिकल ट्रेटमध्ये (एएस, म्हणजे नुसता वाहक) उलट, ए एसपेक्षा जास्त. पण हे सगळं रक्त चढवलेलं नसेल तरच. पिशवी लागली असेल तर दात्याच्या पेशी तीन-चार महिने फिरत राहतात आणि एसएसचा ग्राफ हुबेहूब एस-बीटा-प्लससारखा दिसतो. जुन्या पत्त्यात ‘शेवटचं रक्त कधी चढवलं’ ही ओळच नव्हती. ती नसेल तर पत्ता बाद, हा नियम आता पूर्ण उपगठ्ठ्याला लागू केलाय.

उरला स्मिअर (काचपट्टीवरचा रक्ताचा थर). लक्ष्यपेशी भरपूर, विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी, बाकी फिक्या आणि लहान: एस-बीटा-झिरोचं हे वर्णन एसएस-अधिक-अल्फालाही तंतोतंत लागतं.

म्हणजे पाच खुणा, आणि पाचही जणींना दुसरं कारण आहे. निवाडा आईवडिलांच्या रिपोर्टवरच होतो. दोघेही एएस असतील तर मूल एसएस, लहान पेशींचं कारण अल्फा किंवा लोह. एक एएस आणि दुसऱ्यात एस नाही, पण एटू ४ च्या वर आणि एमसीव्ही खाली, तर मूल एस-बीटा. या दुसऱ्या पालकाच्या बाबतीत एक सापळा आहे: लोहाची तीव्र कमतरता असली की बीटा ट्रेटचं एटू खाली ओढलं जातं. ३.६ दिसलं म्हणून ‘नॉर्मल’ लिहून मोकळं व्हायचं नाही.

इथवर पुस्तकातलं झालं. पण धडगाव-अक्कलकुव्याकडून मूल तपासणीला येतं तेव्हा बरोबर बहुधा आई असते. हंगामात बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, त्याचं सँपल मिळायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे ‘आईवडिलांची एचपीएलसी’ हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धंच आहे. या आठवड्यात गाठ सुटली ती इथे: हातात असलेल्या आईच्या रिपोर्टमध्येच एक खूण असते आणि ती कुणी वाचत नाही.

नुसत्या एएसमध्ये एस ३५ ते ४० टक्के असतं. जोडीला अल्फा असेल तर ते घसरतं, दोन अल्फा जनुकं गळली असतील तर ३० च्या खाली येतं, कारण अल्फा साखळ्या कमी पडल्या की त्या आधी सर्वसाधारण बीटाशी जुळतात आणि सिकल बीटा मागे राहते. आईचं एस २८ टक्के, एमसीव्ही ७२ आणि लोह व्यवस्थित असेल, तर अल्फा घरात आहे आणि मुलाच्या ६८ एमसीव्हीला कारण सापडलं. हा पुरावा नव्हे, पण पारडं एसएस-अधिक-अल्फाकडे झुकतं. ‘लोह व्यवस्थित’ ही अट मात्र गाळायची नाही. लोह कमी असलं तरी ट्रेटमधलं एस घसरतं.

दुसरा आधार भावंडांचा. आई एएस, बाप हजर नाही. एखाद्या भावंडात एस नाही आणि एटू ५ टक्के, तर त्याला आईकडून ए आणि बापाकडून बीटा आलंय. बाप बीटा-वाहक ठरला आणि आपलं मूल एस-बीटा. भावंड एएस असेल तर त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण तो एस कुणाकडून आला ते सांगता येत नाही. भावंड एए असेल तरी तेच.

एवढं करूनही अडलं तर डीएनए. सिकलसाठी डीडीई-वन या एन्झाइमने कटिंग (बदल असेल तर ती जागा कापली जात नाही), अल्फासाठी ३.७ आणि ४.२ डिलिशनची गॅप-पीसीआर, बीटासाठी भारतात नेहमी आढळणारे बदल: आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन ४१/४२, कोडॉन ८/९ आणि ६१९ बेसचं डिलिशन. आपल्या बाजूला कोडॉन १५ यादीत हवाच.

तर जुना पत्ता काढून टाकला. नवा कुटुंब-पत्ता तीन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर मुलाचे आकडे आणि प्रश्न ‘निदान?’ नव्हे, तर ‘आणखी काय मागाल, आणि का?’ दुसरीवर आईचा रिपोर्ट उघडतो, तिसरीवर भावंडाचा. प्रत्येक पायरीला शक्यता कोणत्या बाजूला सरकली हे तोंडाने बोलायचं, मगच पुढे. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) परीक्षक नेमकं हेच करतात: ग्राफ समोर ठेवतात, नाव सांगितलं की विचारतात, ‘आणि हेच कशावरून?’

हे लिहीत असतानाच एक गोष्ट डोक्यात आली आणि बेत बदलला. खिडक्यांचे आकडे सध्या एकेका ओळीचे सुटे पत्ते आहेत: एफ ०.९८ ते १.२०, एझिरो १.९० ते ३.१०, एटू ३.३० ते ३.९०, डी ३.९० ते ४.३०, एस ४.३० ते ४.७०, सी ४.९० ते ५.३० मिनिटं (बायो-रॅडचा बीटा-थॅल शॉर्ट प्रोग्रॅम). आकडे पाठ होतात, निदान होत नाही. त्याऐवजी ‘या खिडकीत आणखी कोण येऊन बसतं?’ अशी मालिका करायची. एटूच्या खिडकीत हिमोग्लोबिन ई उतरतं आणि हिमोग्लोबिन लेपोरही. तिथे २८-३० टक्के दिसलं तर तो बीटा ट्रेट असू शकत नाही, एटू एवढं कधीच चढत नाही, ते ई. १०-१५ असेल तर लेपोर आठवा. अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसवर (पीएच ८.६) डी-पंजाब (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) एसच्या जागी धावतं, ॲसिड सायट्रेट अगारवर ते एच्या जागी जातं आणि वेगळं ओळखू येतं. एस-डीच्या रुग्णात सॉल्युबिलिटी चाचणी (एस असेल तर द्रावण गढूळ होतं) पॉझिटिव्ह येते, अल्कलाइनवर एकच पट्टा दिसतो आणि रिपोर्ट जातो ‘एसएस’. हा पत्ता मालिकेत पहिला असेल.

सॉल्युबिलिटीच्या फोटो-पत्त्यांचं काम मात्र फसलं होतं. पॉझिटिव्ह कंट्रोलची नळीच स्वच्छ राहिली, मागच्या रेघा आरपार दिसत होत्या. कारण सोडियम डायथायोनाइट. उन्हाळ्यात इथे पारा ४५ ला टेकतो. डबा दहा वेळा उघडझाप झाला की पूड ओल धरते, गुठळ्या होतात आणि क्षपणाची ताकद संपते. गुठळी दिसली की डबा टाकायचा, चाळून वापरायचा नाही. मोठ्या पॅकपेक्षा लहान बाटल्या घ्या. किलोमागे महाग पडतात, पण त्यातलं निम्मं फेकावं लागत नाही.

प्रमाण एक लिटरला: डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) २१५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम. क्रम हाच ठेवायचा: डायपोटॅशियम पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा क्षार टाकायचा नाही, सॅपोनिन सगळ्यात शेवटी. फ्रिजमधून काढलेलं द्रावण आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. २ मिली द्रावणात १० मायक्रोलिटर पॅक्ड सेल्स, ५ मिनिटं थांबा, मग काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डापुढे अडीच सेंटिमीटरवर नळी धरा. पूर्ण रक्ताऐवजी पॅक्ड सेल्स घेण्याने दोन चुका एकदम टळतात: तीव्र ॲनिमियात पेशी कमी पडून येणारा खोटा निगेटिव्ह, आणि प्लाझ्मातल्या चरबी किंवा पॅराप्रोटीनमुळे येणारा खोटा पॉझिटिव्ह. सहा महिन्यांखालचं बाळ आणि नुकतंच रक्त चढवलेला रुग्ण, या दोघांचा निगेटिव्ह तरीही मानायचा नाही.

नवीन बाटलीने काढलेला फोटो फार सुंदर आलाय. सेंट्रिफ्यूजनंतर वर गडद लाल कडी, खाली जवळजवळ बिनरंगी द्रावण. शेजारी एएची नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल. हा एक फोटो चार ओळींच्या वर्णनाला भारी आहे.

मेटाबायसल्फाइटचा (प्राणवायू काढून पेशी विळ्यासारख्या करणाऱ्या चाचणीचा) पत्ता तसाच ठेवलाय, फक्त ‘२ टक्के, त्याच दिवशी केलेलं’ हे ठळक केलं. २०० मिलिग्रॅम १० मिलीमध्ये. कव्हरस्लिपच्या कडा चारही बाजूंनी बंद, तासाभराने वाचन, निगेटिव्ह असेल तर २४ तासांनी पुन्हा. आपल्या कोरड्या हवेत कडेला जरा फट राहिली तरी थर सुकतो आणि आक्रसलेल्या पेशी सिकल वाटतात.

बाकी गठ्ठ्यात काँगो रेडचा (ॲमिलॉइड दाखवणाऱ्या रंगाचा) पत्ता एकदाचा पक्का झाला. प्रश्न बदलून ‘संशय दाट, तरी निगेटिव्ह, आधी काय बघाल?’ असा केल्याबरोबर सगळ्यांना बसला. सेक्शनची जाडी: ८ ते १० मायक्रॉन हवी, नेहमीच्या ३-४ मध्ये ध्रुवित प्रकाशातला सफरचंदी हिरवा रंग हुलकावणी देतो. सीडी ५ (पेशीवरची एक खूण) पॉझिटिव्ह लहान बी-पेशींची जोडीही आता ठाम आहे: सीडी २३ असेल तर सीएलएल (एक रक्तकर्करोग), नसेल आणि सायक्लिन डी-वन असेल तर मँटल सेल लिंफोमा. सायक्लिन डी-वन निगेटिव्ह मँटलसाठी सॉक्स-११, हा त्यातला सापळा-पत्ता.

फोटोंबद्दल एक विनंती. मोबाइल हातात धरून आयपीसमधून काढलेले फोटो पाठवू नका, कडा काळ्या येतात आणि रंग पिवळट होतो. क्लॅम्पचा साधा ॲडॅप्टर पुरतो, पण स्क्रू प्लास्टिकचा नको, धातूचा घ्या. प्लास्टिकचा महिन्यात ढिला पडतो. कंडेन्सर वर, १०० च्या ऑब्जेक्टिव्हला तेल, आणि व्हाइट बॅलन्स स्लाइडच्या रिकाम्या भागावर लॉक करून मगच क्लिक.

लिंफोमा पुढे ढकललाय, कारण तिथेही आधी ‘आणखी काय मागाल?’ हाच साचा लावायचा आहे. तोवर एचपीएलसीचे ग्राफ हवेत: रिटेन्शन टाइम वाचता येईल असे, नाव आणि नोंदणी क्रमांक कापलेले, शेवटच्या रक्ताची तारीख लिहिलेली. आई आणि मूल दोघांचे एकत्र असतील तर ते सगळ्यात आधी.