दुकाने कायमची बंद झाल्यावर चालेल अशी गाडी: माझा अनुभव

पुरवठ्याची साखळी कायमची तुटली, पंप कोरडे पडले आणि सुट्या भागांची दुकाने पुन्हा उघडण्याची आशाच उरली नाही, तर त्यानंतरची दहा वर्षे माणसाने आणि त्याच्या ओझ्याने कशावरून हलायचे, हा प्रश्न मी चार वर्षांपूर्वी गांभीर्याने हाती घेतला. तेव्हा माझ्या मनात एक भक्कम गाडी होती: उंच टायरांची, चारही चाकांना जोर असणारी, छपरावर डबे बांधलेली. तशी एक वापरलेली, पण सर्व आधुनिक सोयी असलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मी घेतली, तिच्यात फावडे, दोर आणि पाण्याची टाकी ठेवली आणि ती शेडमध्ये उभी केली. नऊ आठवड्यांनी चालू करायला गेलो, तेव्हा चोरीविरोधी अलार्मने थोडी थोडी करून बॅटरी पूर्ण उतरवली होती. बॅटरी चार्ज करून परत जोडली, तरी गाडीतला संगणक किल्ली ओळखेना आणि ती पुन्हा ओळखवून देणारे यंत्र फक्त सेवाकेंद्रात होते. गाडी ओढून न्यावी लागली. इंजिन, गिअरबॉक्स, चाके यांत कसलाही बिघाड नव्हता. सगळे अडले होते ते एका किल्लीपाशी, आणि ती दुरुस्त करणे माझ्या हातात नव्हते.

त्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक वाहनासाठी तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या: यातले सर्वांत आधी काय निकामी होईल, आणि ते झाले तर मला ते घरी दुरुस्त करता येईल, साठवून ठेवता येईल किंवा त्यावाचून चालवता येईल का. गाडीची ताकद, वेग, आराम यांना वहीत रकानाच ठेवला नाही. या चाळणीतून नव्या गाड्या जवळजवळ सगळ्याच गळाल्या. एक खुलासा येथेच करतो. जुनी गाडी घ्यावी याचे कारण म्हणून आकाशातील अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय लहरींचा धाक नेहमी घातला जातो, त्या नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी करतील म्हणून. अमेरिकेत सरकारी आयोगाने ३७ मोटारी आणि १८ ट्रक अशा लहरींखाली तपासले, तेव्हा बहुतेक वाहने चालूच राहिली किंवा पुन्हा चालू करता आली. जुन्या गाडीच्या बाजूने बोलणारे खरे कारण साधे आहे: तिच्यातला बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पान्याने सुटतो.

जुने डिझेल वाहन शोधताना एका वयस्क मिस्त्रींनी मला एक परीक्षा शिकवली. ते म्हणाले, "साहेब, बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या तारा सोडा, गाडी उतारावर लावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. इंजिन धरलं, तर पुढचं बोलू." मी पाहिलेल्या सहा गाड्यांपैकी दोनच या परीक्षेत उतरल्या. बाकीच्यांपैकी तीन गाड्यांत डिझेलचा मार्ग उघडणारी झडप (सोलेनॉइड) विजेवर चालणारी होती. ती तारेने कायमची उघडी ठेवता येते, पण मग इंजिन बंद करायची वेगळी सोय करावी लागते. चौथी गाडी कॉमन रेलची, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी होती. तिच्यातला दाब १,००० बारच्या पुढे जातो, इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने उघडतात आणि डिझेलमध्ये थोडी जरी घाण आली तरी ते बाद होतात, म्हणून तिच्याविषयी विचार करण्याचे कारणच नव्हते.

अखेरीस घेतलेला छोटा मालवाहू ट्रक दिसायला अगदीच सामान्य आहे. इंजेक्टरांना डिझेल देणारा त्याचा पंप इनलाइन जातीचा आहे, म्हणजे त्याच्या खालच्या भागाला वंगण इंजिन ऑइलचे मिळते. रोटरी पंप मात्र वंगणासाठी पूर्णपणे डिझेलवरच अवलंबून असतो, त्यामुळे इंधन बदलले की त्याच्यावर आधी संकट येते. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडण्यासाठी (टायमिंग) पट्ट्याऐवजी गिअर आहेत. इंजिन थेट फवारणीचे, म्हणजे डिझेल सरळ सिलिंडरात फवारणारे असल्याने थंडी कडक नसेल तर ग्लो प्लगवाचून (इंजिन आधी तापवणाऱ्या विजेच्या काडीवाचून) चालू होते. या शेवटच्या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते: वनस्पती तेल जाळायचे असेल, तर जुन्या, पूर्वकक्ष (इंधन आधी पेटते ती छोटी पोकळी) असलेल्या इंजिनांना ते जास्त मानवते, आणि थेट फवारणीच्या इंजिनात नोजलवर व रिंगांवर काजळी लवकर साचते. विजेवाचून चालू होणे आणि कोणतेही तेल पचवणे हे दोन्ही गुण एकाच इंजिनात पुरेपूर मिळत नाहीत, हे समजायला मला वर्ष लागले. मी पहिला निवडला.

इंधनाबाबत माझा समज सर्वांत भाबडा होता. पहिल्या वर्षी मी पेट्रोलचे डबे भरून ठेवले होते. दहा महिन्यांनी उघडले तेव्हा वार्निशसारखा वास येत होता आणि ज्या छोट्या इंजिनात ते घातले त्याचा कार्बोरेटर चिकट झाला. पेट्रोलातले हलके घटक उडून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून डिंकासारखे होतात, आणि त्यात इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेते. नुसत्या डब्यात त्याचे आयुष्य काही महिन्यांचे आणि टिकवण्याचे रसायन घालून फार तर एक-दोन वर्षांचे असते. डिझेल जास्त टिकते. पण त्याच्या तळाशी पाणी साठले की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात. माझ्या ट्रकच्या फिल्टरमध्ये पहिल्यांदा काळा, बुळबुळीत थर दिसला तेव्हा मला टाकी गंजली असे वाटले होते. आता टाकी काठोकाठ भरून ठेवतो, तळाचा बोल्ट सैल करून महिन्यातून एकदा पाणी काढतो, आणि फिल्टर बदलल्यावर हातपंपाने इंधनाच्या नळ्यांत अडकलेली हवा काढण्याचा सराव अंधारातसुद्धा करून ठेवला आहे.

यानंतर गणित मांडले. ट्रक लिटरला १२ किलोमीटर जातो, म्हणजे साठवलेल्या ४०० लिटरमध्ये ४,८०० किलोमीटर. दोन-तीन वर्षांनी ते डिझेल भरवशाचे राहणार नाही, आणि तेव्हा त्याच्या जागी नवे आणून साठा फिरवणेही शक्य नसेल. पुढे वनस्पती तेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते हे खरे, पण ते तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते, ७०-८० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय नीट फवारले जात नाही, आणि इंजिन चालू व बंद करताना डिझेलच द्यावे लागते. शिवाय सूर्यफुलाचे हेक्टरी ८०० ते १,००० लिटर तेल निघते ते चांगल्या पिकातून आणि चांगल्या यंत्रातून. हाताने गाळलेले बरेच कमी भरेल. १०० लिटर तेल म्हणजे १,२०० किलोमीटर, आणि तितकेच तेल ताटातून वजा. हे आकडे लिहिल्यावर ट्रककडे रोजचे वाहन म्हणून पाहणे मी सोडून दिले.

लाकडाच्या वायूचाही विचार केला. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखो वाहने त्यावर चालली, आणि साधारण ३ किलो कोरडे लाकूड १ लिटर पेट्रोलची जागा घेते. परंतु त्या वायूचा निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजन असतो, त्यामुळे इंजिनाचा जोर एक-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक घटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसल्याने पेट घ्यायला थोडे डिझेल द्यावेच लागते, आणि गळती झाली तर कार्बन मोनॉक्साइड वासही न येता माणसाला मारतो. एका जागी उभ्या असलेल्या पाण्याच्या पंपासाठी मी ती भट्टी बांधीन, ट्रकवर नाही.

पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीचे गणित याहून मोहक निघाले. १०० किलोमीटरला १५ ते १८ युनिट लागतात आणि ३ किलोवॅटची सौर पॅनेले चांगल्या उन्हात दिवसाला १२ ते १५ युनिट देतात, म्हणजे रोज ७०-८० किलोमीटर, इंधनाशिवाय. पॅनेलची क्षमताही वर्षाला साधारण अर्धा टक्काच घटते. मी ती नाकारली, कारण तिच्यात बिघाड झाल्यावर समोर येणारे शेकडो व्होल्ट आणि कुलूपबंद सॉफ्टवेअर हाताळण्याइतके ज्ञान माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे असेल त्याने माझे ऐकू नये.

मग राहिली सायकल, जी मी सुरुवातीला वहीत लिहिलीही नव्हती. खरे तर समाजाची घडी प्रत्यक्ष विस्कटल्याची उदाहरणे तिच्याच बाजूने बोलतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाचे तेल आटले, तेव्हा त्या देशाने चीनकडून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या आणि शेतात ट्रॅक्टरऐवजी बैल जुंपले. १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू या फ्रेंच तळाच्या वेढ्यासाठी व्हिएतनामी हमालांनी सायकलींना बांबू बांधून एकेकीवर २०० किलो आणि त्याहूनही जास्त ओझे ढकलत नेले. ते सायकलीवर बसत नव्हते, तिच्या शेजारून चालत होते, ही गोष्ट मला विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटली. मी पोलादी सांगाड्याच्या दोन सायकली घेतल्या, कारण पोलाद पितळेच्या डागाने जोडता येते आणि ॲल्युमिनियम घरी जोडता येत नाही. दोन्हींची चाके, चेन आणि बेअरिंगच्या गोळ्या एकाच मापाच्या ठेवल्या, हायड्रॉलिक ब्रेक टाळले, आणि मागे ६० किलो ओढणारी दोनचाकी गाडी जोडली. एका सायकलीला हबमध्ये मोटर आणि ७२० वॉट-तासांची बॅटरी बसवली. ३०० वॉटचे एक पॅनेल ती दिवसभरात भरते आणि ओझ्यासह मला ४०-४५ किलोमीटर मिळतात. मोटर मेली तरी खाली सायकल उरतेच, या एका कारणासाठी मी ही जोडणी पसंत केली.

तयारी पुरी झाली असे वाटल्यावर मी स्वतःवर एक वर्ष बंदी घातली: या वाहनांसाठी काहीही विकत घ्यायचे नाही, घरातल्या साठ्याबाहेरचे इंधन भरायचे नाही, मिस्त्रींना बोलवायचे नाही. या वर्षाने जे शिकवले ते आधीच्या तीन वर्षांच्या वाचनातून मिळाले नव्हते. सर्वांत आधी संपले ते पंक्चरचे रबर सोल्युशन. मी वीस ट्यूबा साठवल्या होत्या. एकदा उघडलेली ट्यूब दोन-तीन महिन्यांत आतल्या आत सुकते, हे मला ठाऊकच नव्हते. आता लहान ट्यूबा घेतो आणि एक पूर्ण संपेपर्यंत दुसरी उघडत नाही. पाचव्या महिन्यात उंदरांनी ट्रकच्या दिव्यांच्या तारा कुरतडल्या. इंजिनाला तारांची गरज नसल्याने ट्रक चाललाच. सातव्या महिन्यात सायकलच्या मोटरला वीज देणारा कंट्रोलर जळाला आणि मागचे चाक ब्रेक लागल्यासारखे जड झाले. घरापासून १४ किलोमीटरवर, भरलेली गाडी मागे असताना, मी अर्धा तास ब्रेकच खोलत बसलो. दोष वेगळाच होता: जळलेल्या कंट्रोलरने मोटरच्या तीन तारा आपसांत जोडल्या होत्या, त्या सोडताच चाक मोकळे झाले. ट्रकची बॅटरी हिवाळ्यात ११.९ व्होल्टपर्यंत उतरली, १२.४ च्या खाली दीर्घकाळ राहिलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते, म्हणून तिला आता एक छोटे पॅनेल कायमचे जोडलेले आहे. राखीव बॅटरी कोरडी ठेवली असून तिचे आम्ल वेगळ्या बाटलीत आहे. ट्रक स्वतः नेहमी उताराकडे तोंड करून उभा असतो.

वर्षअखेर वहीतले आकडे मोजले. ट्रक नऊ वेळा बाहेर काढला होता, सायकली २१७ दिवस. त्या नऊ वेळांतही तीनदा रस्त्यात पडलेले झाड किंवा वाहून गेलेली मोरी आडवी आली, आणि तेव्हा उपयोगी पडली ती करवत आणि हाताने ओढायची विंच. चारही चाकांना जोर नाही म्हणून अडलो असे एकदाच झाले. ज्या सामानासाठी मी ट्रक काढला, त्यापैकी निम्मे सायकलच्या दोन फेऱ्यांत आले असते, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

वहीत न सुटलेली एक ओळ उरली आहे ती टायरची. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, पाहून मी नवे टायर घेतले, काळोख्या खोलीत मोटर आणि वेल्डिंगपासून दूर ठेवले, कारण तिथे तयार होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. तरीही दहा वर्षांपलीकडे त्यांच्यावर विसंबता येणार नाही. सध्या ट्रकच्या बाद टायरचा पृष्ठभाग पट्ट्यांत कापून, सायकलच्या रिमवर तारेने आवळून पाहतो आहे. पहिली पट्टी ४० किलोमीटरवर निसटली. दुसरीला टोके तिरकी कापून एकमेकांवर चढवली आणि आतून तारेचे चार टाके घातले. काल संध्याकाळी तिने ११० किलोमीटर पूर्ण केले. हादरे इतके बसतात की मनगटे भरून येतात, पण सांधा अजून सुटलेला नाही.