मुट्टिदरे मुनी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सातला बेळगावातलं घर सोडलं. गाडीत आठ वर्षांची सई, पाच वर्षांचा मल्हार आणि सासूबाई. तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे. पुढं दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं लागली आणि सासूबाईंचा चेहरा खुलला. त्यांचं माहेर खानापूर तालुक्यातलं. या रस्त्याला लागलं की त्या कमी बोलतात आणि जास्त बघतात.

आम्ही निघालो होतो खानापूरच्या बाजूच्या वनखात्याच्या वृक्षोद्यानात. कर्नाटकात अशी उद्यानं सालुमरद तिम्मक्कांच्या नावानं ठिकठिकाणी केली आहेत. सालुमर म्हणजे झाडांची रांग. मूलबाळ नसलेल्या या बाईंनी नवऱ्याबरोबर हुलिकल ते कुदूर रस्त्याच्या कडेला वडाची ३८५ झाडं लावली, लांबून पाणी वाहून जगवली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे मी गाडीतच मुलांना सांगितलं. मल्हारनं विचारलं, "मग झाडं त्यांना आई म्हणायची?" सासूबाई म्हणाल्या, "म्हणतच असतील की."

आत झाडांना पाट्या आहेत, पण त्यांवर नाव कन्नड आणि लॅटिन. सईला शाळेत कन्नड आहे, सासूबाईंना ते वाचता येत नाही. त्यामुळं आपोआपच एक खेळ सुरू झाला. सई पाटी वाचायची, आज्जी झाडाकडं बघून मराठी नाव सांगायची आणि सई वहीत दोन रकाने करून लिहायची. नेरळे, जांभूळ. हुणसे, चिंच. मुत्तुग, पळस. मत्तीच्या खोडाला हात लावून आज्जी म्हणाली, "हा ऐन." त्याची साल चौकोनी भेगांची, थेट मगरीच्या पाठीसारखी. मल्हारनं दोन्ही हातांनी मगर चाचपून घेतली. ऐन उन्हाळ्यासाठी खोडात पाणी साठवून ठेवतो, हे ऐकल्यावर त्यानं खोडाला कानही लावला.

उंबरापाशी बराच वेळ गेला. कन्नडमध्ये अत्ती. कुणी फार दिवसांनी घरी आलं की आज्जी म्हणते, "उंबराचं फूल झालास की रे!" सईनं तेच धरलं, की उंबराला फूल असतं तरी कुठं? खाली पडलेलं एक फळ मी नखानं उकललं. फूल बाहेर दिसत नाही, कारण ती सगळी फळाच्या आतच असतात, शेकड्यांनी. टोकाच्या बारीक छिद्रातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते, अंडी घालते आणि अंगावर आणलेले परागही तिथंच ठेवते. या माशीवाचून उंबराला बी धरत नाही. आम्ही उकललेल्या फळात माश्या वळवळत होत्या. मल्हार दोन पावलं मागं सरला. सई मात्र नाक टेकवून बघत राहिली.

पुढं वाटेच्या कडेला लाजाळू पसरलं होतं, गुलाबी गोंड्यांसकट. मल्हारनं तोडायला हात घातला तसे तिथले माळीकाका हळूच म्हणाले, "कीळबेडा, बरी मुट्टु." तोडू नको, नुसतं शिव. त्यानं बोट लावलं आणि पानं मिटली. काका हसून म्हणाले, "मुट्टिदरे मुनी." शिवलं की रुसतं! आमच्या मराठीत जे लाजतं ते यांच्या कन्नडमध्ये रुसतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. पानाच्या देठाशी बारीक फुगवटा असतो. स्पर्श झाला की त्यातल्या एका बाजूच्या पेशींमधलं पाणी ओसरतं आणि पान मान टाकतं. मल्हारला ते नको होतं. त्याला रुसवा निघालेला बघायचा होता. तो मातीत फतकल मारून बसला आणि पानं पुन्हा उघडेपर्यंत, चांगली दहा-बारा मिनिटं, जागचा हलला नाही. एवढा वेळ तो घरात जेवायलासुद्धा बसत नाही.

लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर सगळी बाग बघायचा हट्ट धरू नका. आमची निम्मी बाग राहिली आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. अंगभर कपडे घाला, पाणी जास्त न्या. आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, ती दहाच्या आतच संपली.

निघताना एक झाड अडलं. पाटीवर कवलु. खोड करडं, पानं रुंद. आज्जी त्याच्याभोवती दोनदा फिरली, पान चुरगळून वास घेतला. "बघितलंय मी हे. आमच्या घरामागंच होतं," म्हणाली, पण नाव काही आठवेना. सईनं मराठीच्या रकान्यात जागा मोकळी ठेवली. परतीच्या वाटेवर आज्जी खिडकीबाहेर बघत गप्पच होती.

रात्री भांडी आवरताना तिचा एकदम आवाज आला, "सई, कुंभा गं, कुंभा! त्याच्या सालीचा दोर वळायचे माझे वडील."

सई अंथरुणातून उठून वही शोधायला गेली.