पंख्याची कळ कुणाच्या हाती?

गेल्या मे महिन्यात परभणीत भर दुपारी मी विद्यार्थ्यांसाठी एक तासिका ध्वनिमुद्रित करीत होतो. माझ्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपचा पंखा इतका घरघरत होता की माइकमध्ये माझ्या आवाजाआधी तोच ऐकू येई. म्हणून मी त्याची पातळी शून्यावर आणली आणि मुद्रणाच्या नादात ते साफ विसरून गेलो. काही वेळाने स्क्रीन काळी झाली; तापमान मर्यादेपलीकडे गेल्यामुळे मशीनने स्वतःलाच बंद करून घेतले होते.

यात लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, बोल लावण्याची सोय नाही. थिंकपॅडच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कर्नलच्या हार्डवेअर हाताळणाऱ्या भागात, पंख्याचे नियंत्रण मुळात बंदच असते. ड्रायव्हर लोड करताना वेगळा पर्याय मुद्दाम दिल्याखेरीज ० ते ७ या पातळ्या वापरकर्त्याच्या हाती येत नाहीत. शिवाय १ ते १२० सेकंदांचा एक वॉचडॉगही दिलेला आहे: तेवढ्या वेळात पंख्यासाठी नवी आज्ञा आली नाही, तर ड्रायव्हर त्याला पुन्हा सुरक्षित स्थितीत नेतो. पर्याय मी दिला होता, वॉचडॉग लावला नव्हता.

हे ऐकून धाकट्या चुलतभावाने विचारले, "दादा, मशीन तुझं, रूट तू, मग कर्नलने मधे यायचंच कशाला?" रूट म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, तेव्हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे शिवारातल्या डीपीचे दार बहुधा उघडेच असते. फ्यूज उडाला की लाइनमनची वाट न पाहता कुणीतरी जाड तार बांधतो, आणि पुढे ट्रान्सफॉर्मर जळाला की सगळ्यांच्याच मोटारी बंद पडतात. लॅपटॉप मात्र एकट्याचा असतो. तो जळाला तर ज्याचा त्याने भोगावे, असे म्हणता येईल.

परंतु जे नुकसान होते ते पुष्कळदा मालकाने जाणूनबुजून केलेले नसते. यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करून देणारी मदरबोर्डवरची अंगभूत प्रणाली, आपली काही मूल्ये मदरबोर्डवरच्या स्मृतीत साठवते आणि लिनक्स ती फायलींच्या रूपात दाखवतो. २०१६च्या सुरुवातीला असे उघड झाले की रूटने मुळापासून सगळ्या फायली पुसण्याची आज्ञा दिली की या फायलीही पुसल्या जातात, आणि काही मशीन पुन्हा सुरूच होत नाहीत. फायली पुसणाऱ्याच्या मनात मदरबोर्ड नव्हता. मूल्ये पुसली जाताच फर्मवेअरने मान टाकावी, हा दोष फर्मवेअरचाच; तरीही कर्नलने हात झटकले नाहीत. ज्यांचे वर्तन ठाऊक आहे अशी मोजकी मूल्ये वगळून बाकीच्या फायली 'अपरिवर्तनीय' ठरवल्या गेल्या. रूटला ती खूण काढता येते, पण वेगळी आज्ञा देऊन. मला हा तोडगा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण दाराला इथे कुलूप नाही, फक्त कडी आहे.

दुसरा मुद्दा अर्थाचा. फर्मवेअर आपल्या सोयी एसीपीआय नावाच्या तक्त्यांमधून कर्नलला सांगते; त्यांत कंपन्यांनी ठेवलेल्या कितीतरी पद्धतींचे (छोट्या अंतर्गत आज्ञांचे) दस्तऐवज बाहेर मिळत नाहीत. त्यांपैकी कोणतीही पद्धत हव्या त्या आकड्यांनिशी चालवू देणारे एक मोड्यूल, म्हणजे कर्नलला वरून जोडता येणारा भाग, आहे. ते मुख्य कर्नलमध्ये नाही, आणि ते योग्यच आहे. कर्नलने बाहेर द्यावी ती 'बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव' अशी कळ, जिचा अर्थ वाचताच कळतो. त्यासाठी फर्मवेअरला काय सांगायचे ते ड्रायव्हरने पाहावे.

अशी कळ एकदा दिली की ती परत घेणेही अवघड असते, कारण तिच्यावर लोकांचे प्रोग्राम उभे राहतात. थिंकपॅडची चार्जिंग-मर्यादा २०१८मध्ये ४.१७ आवृत्तीत एका नावाने आली. पुढे सगळ्या कंपन्यांसाठी सामाईक नाव ठरले, तरी जुने नावही ड्रायव्हरमध्ये ठेवावे लागले. २०२१मध्ये ५.१२ आवृत्तीत आलेल्या 'प्लॅटफॉर्म प्रोफाइल'बद्दल, म्हणजे मशीनचा वेग आणि उष्णता यांचा मेळ एका नावाने निवडण्याच्या सोयीबद्दल, मात्र माझी तक्रार आहे: 'संतुलित' हे नाव सगळीकडे एकच असले, तरी प्रत्यक्षात किती वॉट आणि किती पंखा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते.

चुलतभावाच्या मशीनवर मी बॅटरीची मर्यादा लावून दिली. माझ्या मशीनवर आता वॉचडॉग ६० सेकंदांवर आहे, त्यामुळे लांबलचक मुद्रणात पंखा अधूनमधून ऐकू येतोच.