६/६ दिसतंय, मग दिव्याला शेपटी का?

चष्म्याचा नंबर घालवायला डोळ्यांचं लेसर करून तीन महिने झाले होते. क्लिनिकमधला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे आणि त्याच रात्री कळव्याच्या पुलावर समोरून बाईक येतेय की टेम्पो, हे कळायचं नाही.

माझी ऐरोलीत सेकंड शिफ्ट. अकराला ॲक्टिव्हा काढायची, विटावा, कळवा, मग घोडबंदर रोड. प्रत्येक दिव्याला काटे फुटलेले, आणि लाल सिग्नलला उजवीकडे खाली धूमकेतूसारखी शेपटी. चष्मा मात्र गेला होता, साडेसहाचा.

क्लिनिकमध्ये तीनदा गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर: "६/६ आहे मॅडम, सवय होईल." कोरडेपणासाठी थेंब दिले. त्यांची गरज होतीच. लेसरआधी कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराचा, पातळ पापुद्रा (फ्लॅप) कापून उचलताना त्यातल्या नसा कापल्या जातात, डोळा कोरडा पडतो, अश्रूंचा थर विस्कटला की दिसणंही पापणीगणिक बदलतं. थेंबांनी दिवसाचं धुरकटपण गेलं. शेपटी होती तिथेच.

मग एका रात्री बाल्कनीत उजव्या डोळ्याने रस्त्यावरचा दिवा बघत होते आणि सहज मोबाईलचा टॉर्च डाव्या डोळ्याजवळ धरला. दिव्याचे काटे झपकन आत ओढले गेले! टॉर्च बंद केला, पुन्हा बाहेर. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. म्हणजे दोष होता तो बाहुली मोठी झाल्यावर उघड्या पडणाऱ्या कॉर्नियाच्या कडेला. आणि तक्ता वाचायचा भरपूर उजेडात, पांढऱ्यावर काळं. तिथे तो सापडणार कसा? आईला उठवून हा प्रयोग दाखवला, तर ती म्हणाली, "झोप आता."

दुसरं मत घ्यायला ठाण्यातच एका कॉर्निया तज्ज्ञ बाईंकडे गेले. विजेच्या बिलामागे मी शेपटीचं चित्र काढून नेलं होतं. ते त्यांनी नीट पाहिलं. तेवढ्यानेच मला निम्मं बरं वाटलं. मग अंधाऱ्या खोलीत ॲबरोमीटर, डोळा प्रकाश कुठे वाकडा वळवतो ते मोजणारं यंत्र. हनुवटी टेकवायची, नजर रोखायची. डोळ्यातून परतणारा प्रकाश इवल्या भिंगांच्या जाळीतून ठिपक्यांच्या रूपात पडतो. चांगल्या डोळ्यात ठिपके रांगेत, माझ्या उजव्यात कडेचे रांग सोडून पळालेले. चष्म्याने न जाणाऱ्या या दोषांचा सहा मिलिमीटर बाहुलीला साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपास असणारा आकडा माझा ०.८५. त्यात कोमा नावाचा दोष जास्त, तीच माझी शेपटी, आणि दुसरा स्फेरिकल ॲबरेशन. लेसरने मध्यभाग सपाट होतो, कड तशीच राहते, त्यामुळे कडेचे किरण डोळ्याच्या मागच्या पडद्याआधीच एकत्र येतात. बाहुली दुप्पट झाली की हा दोष सोळापट होतो. चष्म्याच्या काचेत याला नंबर नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशनआधीची फाईल मागितली. ती मिळवायला दोन हेलपाटे आणि एक लेखी अर्ज. फाईलमध्ये स्वच्छ लिहिलेलं: अंधारातली बाहुली ७.१ मिलिमीटर, लेसरने सुधारलेला भाग ६. "एकट्या बाहुलीवर ढकलू नका, नंबरही मोठा होता," डॉक्टर म्हणाल्या. बरोबर असेल. पण हे दोन आकडे एकाच पानावर होते, आणि मला कुणी वाचून दाखवले नव्हते.

पुन्हा लेसर करायला त्यांनी घाई केली नाही. आधी ब्रिमोनिडीनचे थेंब, अंधारात बाहुली फार पसरू नये म्हणून. ते मूळचे काचबिंदूचे, त्यामुळे केमिस्टने "एवढ्या लहान वयात?" म्हणून दयेने पाहिलं. तोंड कोरडं पडायचं, पण काटे आखडले. शेपटीसाठी शेवटी कडक कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स आणि कॉर्नियामध्ये अश्रू भरतात, खाचखळगे बुजतात. लेन्सचा जाच नको म्हणून लेसर केलं होतं, हे आई दिवसातून एकदा आठवण करून देते.

ट्रायल लेन्स घालून बाहेर आले तेव्हा अंधार पडला होता. नाक्यावरचा सिग्नल लाल होता. गोल, बिनशेपटीचा. हिरवा झाला तरी मी तिथेच उभी, मागचा रिक्षावाला हॉर्न बडवत होता.